पावसातला किनारा आणि चाकांवरचे घर

पावसाळा लागला म्हणजे समुद्रकिनारा बंद झाला, अशी आपल्या शहरांत एक समजूत रूढ आहे. मे महिन्यात अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे, मालवण या गावांना जत्रेचे रूप येते आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती सारी गर्दी ओसरते. जंजिऱ्याला आणि सिंधुदुर्गाला नेणाऱ्या होड्या थांबतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात. वाळूवरच्या शहाळ्याच्या आणि भेळेच्या टपऱ्यांना ताडपत्री बांधली जाते. मग शहरातला माणूस म्हणतो, आता तेथे पाहावयाचे काय उरले?

अलीकडे मात्र नेमक्या याच दिवसांत किनाऱ्याला जाणारा एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. त्याची निजावयाची फळी, चूल, पाण्याची टाकी, दिवा, सर्व काही त्याच्या गाडीतच असते. या गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. अशी गाडी घेऊन भर पावसात कोकणच्या किनाऱ्याने फिरावे की नाही, फिरावे तर कसे, आणि तेथे पाहावे काय, याविषयी आम्हास जे कळले आहे ते येथे सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. चाकांवरचे घर ही काही नवलाची वस्तू नव्हे. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. पुढे गावोगाव वस्तीची गाडी जाऊ लागली. संध्याकाळी शेवटच्या गावी पोहोचावयाचे, रात्री तेथेच राहावयाचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला परतावयाचे, असा तिचा क्रम. जेथे निवाऱ्याची सोय नसते तेथे चालक आणि वाहक गाडीतच बाकावर आडवे होतात. मालमोटारीचा चालक महिन्यातले कितीतरी दिवस आपल्या केबिनमध्येच काढतो. मासेमारीच्या नौकेवरचे खलाशी आठ-आठ दिवस त्याच लाकडी घरात रांधतात, जेवतात आणि पाळीपाळीने झोपतात. श्रमिकाला जी गोष्ट गरज म्हणून करावी लागते तीच दुसऱ्या कोणाला हौस म्हणून करता येते. यात हौशी माणसाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु पावसात गाडीत कसे राहावे हे शिकावयाचे असेल, तर गाड्यांच्या विक्रेत्यापेक्षा वस्तीच्या गाडीचा वाहक अधिक चांगले शिकवील, हे ध्यानात ठेवावे.

आता समुद्राकडे वळू. पावसाळ्यात समुद्र बंद का होतो? नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे हजारो मैल मोकळ्या पाण्यावरून वाहत येतात. वारा जितका जोरकस आणि त्याला मिळालेले पाणी जितके लांबरुंद, तितकी लाट मोठी. म्हणून जून ते ऑगस्ट या काळात आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचे बळ हिवाळ्यातल्या लाटांच्या मानाने कितीतरी अधिक असते. या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात. जानेवारीत जी पुळण रुंद आणि सपाट दिसते ती जुलैत अरुंद व उताराची होते. वारे निवाल्यावर सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. किनारा असा दरवर्षी झिजतो आणि भरतो. म्हणूनच मे महिन्यात जेथे गुडघाभर पाण्यात मुले खेळली, तेथेच जुलैत पहिल्या चार पावलांवर तळ सुटतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्यास वाटते की हीच जागा शांत आहे, येथेच उतरावे. बुडण्याचे कितीतरी प्रसंग याच गैरसमजातून घडतात. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे, हे खरे. परंतु पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये, हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा नियम होय. समुद्र पाहावयाचा असतो तो कोरड्या जागेवरून.

ज्यांचे पोट समुद्रावर चालते ती माणसेही या दिवसांत समुद्राला मान देतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ असतो आणि माणसांच्या जिवालाही याच काळात धोका अधिक. कायदा होण्यापूर्वीही रूढी होतीच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहावयाचा आणि मगच नौका लोटावयाची. पावसाळी समुद्राकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याची आठवण कोकणात अजून जुन्या घरांतून निघते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच वादळी लाटांनी उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी निघालेली चाकरमानी मंडळी त्यात पुष्कळ होती. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून कित्येकांना वाचवले.

भरती-ओहोटीचे गणित मात्र प्रत्येक प्रवाशाने शिकून घ्यावे. ते तोंडी करता येते आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. कोळी लोक तिथीला पाऊणने गुणतात. शुद्ध किंवा वद्य चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. त्या दिवशी मुंबईच्या आसपास दुपारी तीनच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला हीच वेळ सहाची. पौर्णिमेला व अमावास्येला ती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. दक्षिणेकडे जावे तसा या वेळेत तासाभरापर्यंत फरक पडतो, तो त्या गावी विचारून घ्यावा. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात आणि सप्तमी-अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग. उधाण, जोराचा वारा आणि मुसळधार पाऊस ही तिन्ही एके दिवशी आली म्हणजे खाडीचे पाणी बाहेर जात नाही, नदीचे पाणी वरून येतच असते, आणि खाडीकाठचा रस्ता तास-दोन तासांत पाण्याखाली जातो. चाकांवरचे घर खाडीच्या कडेला उभे करण्यापूर्वी तिथी पाहावी, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

रस्त्याचे शास्त्रही पावसाशीच बांधलेले आहे. कोकणची भूमी अरुंद. एका हाताला सह्याद्री, दुसऱ्या हाताला समुद्र. घाटमाथ्यावर पडलेले पाणी थोड्या तासांत किनाऱ्याला पोहोचते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. या घटना आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. त्यांतून नियम निघतात. पहिला नियम, पावसाळ्यात घाटात आणि अनोळखी रस्त्यावर रात्री गाडी चालवू नये. दुसरा, रस्त्यावरून वाहते पाणी जात असेल तर गाडी घालू नये. फूटभर खोलीचे वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना ढकलून नेते. उंच, पोकळ आणि वजन वर घेतलेल्या कॅम्परव्हॅनला तर वाऱ्याचाही धक्का बसतो. तिसरा, हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल त्या दिवशी जेथे आहोत तेथेच थांबावे. घर बरोबर आहे, मग घाई कशाची?

किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. त्या खाडीत चालतात म्हणून पावसातही बहुधा सुरू असतात. वारा चढला की थांबतात. अशा वेळी फेरीबोटीवरच्या कामगाराशी हुज्जत घालणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. बोट न सोडण्याचा निर्णय घेणारा तो माणूस आपल्या जिवाची काळजी वाहत असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

गाडी उभी करावयाची जागा हा पुढचा विषय. वाळूवर गाडी मुळीच नेऊ नये. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक रुतले की भरती येईपर्यंत निघत नाही, आणि मग ती काढावयास गावचे दहा जण लागतात. माडाखाली नको, कारण वाऱ्यात नारळ आणि झावळ्या पडतात. डोंगर कापून काढलेल्या उताराच्या पायथ्याशी नको. पऱ्याच्या कोरड्या पात्रात तर कदापि नको. देवळाचे आवार, शाळेजवळचे पटांगण, एसटीचा थांबा किंवा एखाद्याचे खळे, या जागा चांगल्या. मात्र विचारल्यावाचून नव्हे. कोकणात मोकळी दिसणारी जागाही कोणाची तरी असते.

येथे जांभ्या दगडाविषयी सांगितले पाहिजे, कारण किनाऱ्याचे निम्मे कोडे त्यात आहे. दक्षिण कोकणातले सडे आणि घरांचे चिरे याच तांबड्या दगडाचे. तो सच्छिद्र असतो. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. याचे एक कारण हा दगड. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि उतारावर झऱ्यांच्या वाटे निघून समुद्राला मिळते. याच गुणामुळे सड्यावर टाकलेली घाण खालच्या विहिरीत उतरते. आपल्या गाडीतले साबणाचे पाणी किंवा शौचालयाची टाकी सड्यावर ओतणारा प्रवासी खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात ती ओतत असतो. ते त्याला दिसत नाही, आणि वाडीला कळते तेव्हा तो पुढच्या गावी गेलेला असतो. शौचालयाची टाकी जेथे रीतसर रिकामी करण्याची सोय असेल तेथेच रिकामी करावी. तशी सोय नसेल तर गावातले शौचालय विचारून वापरावे.

गाडीच्या आत पावसाचा खरा शत्रू गळती नव्हे, दमटपणा होय. चार माणसे बंद गाडीत झोपली की त्यांच्या श्वासातले पाणी रात्रभर थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे अंथरुणावर टपकते. तेव्हा दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, त्यांवर पावसाचे पाणी आत येऊ न देणारी झडप असावी, आणि ओले कपडे आत वाळत घालू नयेत. स्वयंपाकाची शेगडी बंद गाडीत पेटवून ऊब घेणे हा तर मृत्यूला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. त्या जाळातून उठणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका. जुनी गाडी घेऊन तीत असे घर करावयाचे असेल तर परिवहन कार्यालयाची मान्यता आधी घ्यावी; गाडीच्या रचनेत मनाजोगे फेरफार करण्यास कायद्याची मोकळीक नाही.

एवढी सावधगिरी बाळगून तेथे गेल्यावर पाहावयाचे काय? आमचे उत्तर असे की, काम पाहावे. शहरात समज असतो की समुद्र बंद म्हणजे कोकण झोपले. वस्तुस्थिती उलट आहे. हर्णैच्या बंदरावर हंगामात संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो आणि होड्यांतली मासळी बैलगाड्यांनी किनाऱ्याला येते. जुलैत तेथे लिलाव नसतो. नौका खाडीच्या आडोशाला नेलेल्या किंवा काठावर ओढून झाकलेल्या असतात. पडवीत माणसे जाळ्यांची तुटलेली घरे विणीत बसलेली दिसतात. नौकेची फळी बदलणे, फटी बुजवणे, इंजिन उघडणे ही सारी कामे याच दिवसांत होतात. ऑगस्टमध्ये जी नौका दर्यात जाते तिची सुरक्षितता जुलैतल्या या कामावर अवलंबून असते.

बायकांच्या कामाला तर बंदी ठाऊकच नाही. आगोटीची बेगमी म्हणून मे महिन्यातच बोंबील, जवळा, सोडे सुकवून भरून ठेवलेले असतात. ताजी मासळी नाही, तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीने सुके विकावयाचे. दुसरीकडे शेतात तरवा उपटून लावणी चाललेली असते. दिवसभर चिखलात वाकून, पाठीवर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन. रस्त्याने जाणारा प्रवासी या हिरव्या खाचरांचे छायाचित्र काढतो. ती हिरवाई कोणाच्या तरी कमरेच्या दुखण्यातून उगवलेली असते, एवढे त्याने जाणावे.

नौकेवरच्या खलाशाची स्थिती आणखी निराळी. नौका मालकाची, खलाशी हंगामाच्या आरंभी उचल घेऊन येतो. त्यांत रत्नागिरी-रायगडच्या गावांतले लोक आहेत, तसे आता नेपाळमधूनही पुष्कळ येतात. बंदी लागली की हे लोक आपापल्या गावी परततात. बंदी आवश्यकच आहे; मासळी उरली तर खलाशाचे काम उरेल. परंतु बंदीचे ६१ दिवस ज्याच्या घरात मजुरी येत नाही, त्याच्याकडे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्याने पगारी रजेचा हक्क मिळाला. त्यामागे अनेक वर्षांचे लढे होते. खलाशाची दोन महिन्यांची सुट्टी ही रजा नव्हे. ती बिनपगारी आहे.

श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतून जाताना आणखी एक गोष्ट दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनच्या नामांकित सुपारीच्या बागा, माड, आंब्याची जुनी झाडे भुईसपाट झाली. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात. घराचे छप्पर एका पावसाळ्यात शाकारता येते, बाग येत नाही. अशा वाडीत पर्यटकाला देण्याची एखादी खोली आणि जेवणाचे एखादे ताट हे त्या मधल्या वर्षांतले पोटाचे साधन असते.

आणि येथेच आमच्या मुद्द्याचा गाभा आहे. कॅम्परव्हॅनचा मोठा गुण म्हणजे तिला कोणाची गरज नाही. स्वतःचे अंथरूण, स्वतःची चूल, स्वतःचे पाणी. पण जो प्रवासी शहरातूनच शिधा भरून नेतो, गाडीतच झोपतो आणि सकाळी पुढे निघतो, तो गावाला काय देतो? त्याचा धूर, त्याचा कचरा आणि रस्त्यावरची थोडी झीज. खोली घेऊन राहणाऱ्या पाहुण्यामागे रांधणारी बाई, झाडणारा माणूस, दूधवाला, वाणी अशा चार-पाच घरांत पैसा जातो. पावसाळ्यात किनाऱ्यावर रोकड सर्वांत कमी असते, आणि हा नवा प्रवासी नेमका तेव्हाच येतो. त्याने स्वावलंबनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. घर बरोबर असणे याचा अर्थ यजमानाची गरज नाही असा होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. चूल गाडीत असू द्यावी, परंतु एक वेळचे जेवण गावात घ्यावे. पावसाळ्यात तेथे कुर्ल्या मिळतात, चढणीचे मासे मिळतात, टाकळा, भारंगी, कुरडू, अळू या भाज्या मिळतात; शहराच्या बाजारात त्यांतल्या कितीतरी दिसतही नाहीत. सुके बोंबील आणि सोडे त्या पाटीवालीकडूनच घ्यावेत आणि घासाघीस करू नये. गाडी ज्याच्या खळ्यात लावली त्याला जागेचे भाडे द्यावे; तो नको म्हणाला तर त्याच्या मुलांच्या वह्यांसाठी म्हणून द्यावे. सड्यावरची कातळशिल्पे पाहावयाची असतील तर गावातला माणूस बरोबर घ्यावा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसे यांच्या मोठमोठ्या आकृती कोरलेल्या आहेत आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांची नोंद झाली आहे. ओल्या गवतात त्या एरवी पायाखाली येतील आणि कळणारही नाहीत. आपला कचरा आपल्याच गाडीतून परत न्यावा, कारण गावच्या पंचायतीजवळ तो नेऊन टाकण्याची सोय बहुधा नसते.

काही श्रोते म्हणतील, हा प्रवास पैसेवाल्यांचा, आम्हास त्याचे काय? या गाड्यांचे भाडे थोडे नसते हे खरे. पण वस्तीच्या गाडीने जाऊन एखाद्या वाडीत दोन रात्री राहणाऱ्यालाही वर सांगितलेले सगळे लागू आहे, आणि तो प्रवास नोकरदार माणसाच्या आवाक्यातला आहे. हक्काची रजा घेऊन, तिथी पाहून, दिवसाउजेडी निघावे. समुद्राच्या पाण्यात पाय न घालता समुद्र पाहावा. तेथे जाळे विणणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावे आणि यंदा नौका केव्हा लोटणार, हे त्याला विचारावे. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि पावसाळ्याच्या या दोन महिन्यांतच त्याला बोलावयास सवड असते.